शालिनीताईचा शनिवार

फोन आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडायला बहाणा शोधत होते. शुक्रवारची दुपार होती. परवा महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे उद्या दहाच्या सुमाराला शालिनीताई येणारच, तेव्हा आपण घरी नसावं, एवढंच डोक्यात होतं. फोन थोरल्या दिरांचा, भाऊजींचा. "विजू, तुझी ताई गेली गं," एवढंच म्हणाले. जेवून पडली ती उठलीच नाही. मला आधी रडू यायला हवं होतं, पण आधी मनात आलं ते हे, की आता उद्या बाहेर जायला नको... हे लिहायची लाज वाटते. पण सहा आठवडे झाले तरी ते जात नाही, म्हणून लिहिते आहे.

शालिनीताई माझी थोरली जाऊ. ती कल्याणजवळ विठ्ठलवाडीला राहायची, मी ठाण्यात खोपटला. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूच्या आठवणीत वेदीपुढे जाऊन भाकर आणि प्याला घ्यायचा. कुणाच्या मनात आपल्याविषयी सल असेल तर आधी जाऊन समेट करावा, मग वेदीपुढे जावं, ही शिकवण आम्हां सगळ्यांना लहानपणापासून पाठ. बहुतेकांना नुसती पाठच. ताई ती पाळायची. आदल्या शनिवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन निघायची आणि ज्याच्याशी खटकलं असेल त्याच्या दारात उभी राहायची. भाजीवालीला वजनावरून बोलली म्हणून तिची माफी मागितली, तेव्हा ती बाई घाबरून जास्तीची कोथिंबीर देऊ लागली. एका नाताळात माझ्या करंज्या कडक झाल्या असं ती चारचौघांत बोलून गेली आणि पुढच्या शनिवारी कल्याणहून एसटीने हजर. करंज्या खरंच कडक होत्या. मी तिला तसं सांगितलंसुद्धा, तर म्हणाली, कडक होत्या म्हणून काय झालं, बोलायचं कशाला होतं.

तिच्या या चांगुलपणाचा मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. शेजारच्या बिछान्याला खिळलेल्या म्हातारीची वेणी घालायला ती रोज जायची आणि म्हातारी रोज तिला शिव्या द्यायची. मी विचारलं, कशाला जातेस? तर म्हणाली, शिव्या तिच्या आहेत, केस विंचरायचे राहिलेत ते माझं काम.

मग माझ्या स्नेहलचं लग्न ठरलं. हे गेल्यावर मी एकटीनं वाढवलेली मुलगी. मुलगा खडवलीचा, हिंदू घरातला, माणसं साधी. मी हट्टाला पेटले. मंडळीत लग्न होणार नसेल तर मी येणार नाही म्हणाले, आणि नाही गेले. ताई गेली. हळदीलाही गेली, लग्नालाही. फोनवर फोटो आला, त्यात माझ्या मुलीच्या पाठीशी आईच्या जागेवर ताई उभी होती. त्या फोटोने माझ्या अंगाची जी लाहीलाही झाली ती सांगता येत नाही. मी नव्हते म्हणूनच ती जागा रिकामी होती, हे त्या वेळी सुचलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी ताई आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "विजू, लग्नाला गेले ते चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तुला लागलं असेल तर ते ऐकायला आलेय. माझ्याविषयी तुझ्या मनात काही आहे का?"

"काही नाही गं. चहा घे."

आपल्या घरांतून दुखावलेली माणसं हेच बोलतात. ताई दर महिन्याला आली, दर महिन्याला तिनं तेच विचारलं, दर महिन्याला मी तेच उत्तर दिलं. तीन वर्षं. मधे माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा बारा दिवस येऊन राहिली. माझी लुगडी धुतली, मला न्हाऊ घातलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिनं एकदा तरी आवाज चढवायला हवा होता. भांडली असती तर माझ्या तोंडून निघून गेलं असतं सगळं. अजूनही कधी कधी मला तिचा रागच येतो.

पंधरा दिवसांपूर्वी भाऊजींना भेटायला गेले. बोलता बोलता त्यांनी सहज सांगितलं, की ताईने तीन वर्षं प्रभुभोजन घेतलं नव्हतं. लोक उठून वेदीपुढे जायचे, ही बाकावर बसून राहायची. त्यांना वाटलं गुडघे दुखत असतील. शेवटी त्यांनी विचारलं, तर म्हणाली होती, "विजूच्या मनात काहीतरी आहे. ती सांगत नाही, तोवर मी कशी घेऊ?"

माझ्या खोटेपणासाठी ती उपाशी राहिली. आणि मी? मी इकडे ठाण्यात दर महिन्याला वेदीपुढे जात होते, भाकर घेत होते, प्याला घेत होते, आणि घरी येऊन नीट जेवत होते. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. स्वयंपाक करताना मधेच गॅस बंद करून गॅलरीत जाते, तिथून परत येते. जिची माफी मागायची तिच्या दारात आता भाऊजी एकटे असतात... तिला सांगायचं ते मी आता कुणाला सांगू?

गेल्या शनिवारी सकाळी उठले आणि खडवलीला गेले. न कळवता. स्नेहलने दार उघडलं, हाताला तांदळाचं पीठ लागलेलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचं घर पाहत होते. वाटेत बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. तोंडून ताईचंच वाक्य आलं. "स्नेहू, माझ्याविषयी तुझ्या मनात काही आहे का?"

माझ्याच हाताखाली वाढलेली मुलगी, आता म्हणेल काही नाही गं आई, चहा घे, या भीतीनं मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आहे," ती म्हणाली. "खूप आहे. सगळं ऐकून जाणार असशील तरच आत ये."

मी चपला काढल्या.