सासूबाईंचं दुसरं मत

सत्तावनच्या निवडणुकीत आमच्याकडे प्रत्येकाला दोन मतं होती. मतदारसंघ एक आणि आमदार दोन, त्यातली एक जागा आदिवासींसाठी राखीव. झरी-जामणीकडचं आमचं गाव त्यातच होतं. मी नुकतीच लग्न होऊन आले होते.

तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का नव्हता मारायचा. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची पेटी, पेटीवर चिन्ह. मामंजींनी आम्हा सासू-सुनेला समोर बसवून दोन्ही चिन्हं पाठ करून घेतली. मी मुकाट्याने मान हलवली. सासूबाईंनीही हलवली, पण पडद्यामागून त्यांचा आवाज साऱ्या शाळेत घुमला, "हे मालकाचं, अन् हे माहं!"

बाहेर पुरुषांच्या रांगेत मामंजी लालबुंद.

सासूबाईंचं दुसरं मत गेलं एका गोंड गुरुजींना. बाकीचे उमेदवार ओट्यावर मामंजींशी बोलून निघून गेले होते. या माणसाने मात्र पाणी आणून देणाऱ्या सासूबाईंना विचारलं होतं, "काकू, तुमाले काय पायजे?" चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला होता. त्यांनी लगेच सांगितलं, "मोटार."

गुरुजी निवडून आले. मामंजींचा माणूसही आला, त्यामुळे घरात शांतता राहिली. गुरुजी अधूनमधून चहाला यायचे, मामंजींशी तंबाखू मळत बसायचे. पांढरकवड्याहून एसटी सुरू करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

तेवढ्यात सरकारने दुहेरी मतदारसंघ मोडले. एकाचे दोन झाले आणि हद्द गेली आमच्या नाल्यातून. गुरुजी त्या काठाला, आम्ही या काठाला. पटवाऱ्याने ओट्यावर बसून हे सांगितलं आणि वर म्हणाला, "आता मतही एकच."

"मंग दुसरं कोनं नेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"सरकारनं."

"मले न इचारता?"

बासष्टला गुरुजी त्यांच्या बाजूने पुन्हा निवडून आले. आमच्या बाजूला मामंजींचा माणूस आला. सासूबाईंनी शिक्का कुठे मारला ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मामंजींनी आठवडाभर आडून आडून विचारून पाहिलं आणि मग नाद सोडला.

त्या उन्हाळ्यात एसटी आली, पण नाल्यापर्यंतच. पलीकडे थांबायची, वळायची आणि जायची. पावसाळ्यात नाला भरला की आम्ही या काठावरून नुसते तिच्याकडे पाहत राहायचो. शेवटी पाणी ओसरल्यावर सासूबाई मला घेऊन गुरुजींच्या घरी गेल्या.

गुरुजी कसनुसं हसले. "काकू, तुमी आता माह्याकडं नाही येत न."

"काहून? मी काय नाल्यात वाहून गेली?"

गुरुजींनी टोपी घातली आणि ते आमच्याच बैलबंडीत बसले. आमच्या आमदारांचं घर गाठलं, तर ते जेवायला बसलेले. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "जेवा, जेवा. आमी बसतो." आणि खरंच बसल्या. जेवण झाल्यावर दोन्ही आमदार एकमेकांकडे बोट दाखवू लागले. रस्ता त्यांचा, गाव यांचं, नाला कोणाचाच नाही.

"दोघं मिळून करा," सासूबाई म्हणाल्या. "पहिले दोघं आमचेच होते न?"

आमच्या आमदारांनी आतून कागद मागवला. दोघांनी एकाच अर्जावर सह्या केल्या. मामंजींना हे त्याच रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी ते साऱ्या गावाला सांगत सुटले की ही कल्पना मूळ त्यांचीच.

नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, व्हायला त्यानंतरही दोन पावसाळे गेले. पहिली एसटी गावात शिरली तेव्हा कंडक्टरने सासूबाईंना विचारलं, कुठे जायचं? जायचं कुठेच नव्हतं. त्या म्हणाल्या, "जेथं थांबते तेथंवर." संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. केसांत धूळ, पदरात सगळ्यांसाठी फुटाणे.