आखाडात आणलेली लेक

माझ्या लेकीला कावीळ झालीय, असा धडधडीत खोटा निरोप मी एकदा तिच्या सासरी धाडला होता. कावीळ कसली, पोरगी चुलीपुढं बसून भजी खात होती.

लग्नानंतरचा तिचा पहिला आखाड. नव्या नवरीला आखाडात माहेरी आणायचं आणि पंचमीचा सण झाला की परत पाठवायचं, ही आमच्याकडची रीत. आणायचं तेवढं मी पाळलं, पाठवायचं सोयीनं विसरले. तेव्हा मी चाळिशीची, स्वतःला लई शहाणी समजणारी बाई.

निरोप ऐकून जावई दुसऱ्याच दिवशी अणदूरहून आले. काविळीला उसाचा रस चांगला, म्हणून ऊस बांधून आणला होता. आमच्या ढोकीत, साखर कारखान्याच्या गावात, बाहेरून ऊस आणणारा तो पहिलाच माणूस असेल. लेकीकडं बघून म्हणाले, "डोळे तर पांढरेशुभ्र दिसतात, मामी."

"कालच उतरली," मी म्हणाले. "पण अशक्तपणा लई आहे. दसऱ्यापर्यंत राहू द्या."

ते एकटेच परत गेले. लेक दाराशी उभी होती, काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे खूश आहे, असं मी धरून चालले.

पुढची दोन वर्षं ती पंचमीला आली नाही. सासू पाठवत नाही, असं मी गल्लीभर सांगत फिरले.

मागच्या महिन्यात लेकीनंच एक कादंबरी वाचायला दिली. ग्रीक लोकांची जुनी गोष्ट नव्यानं सांगितलेली. पिकापाण्याच्या देवीची लेक पाताळाचा राजा उचलून नेतो. आई अशी रुसते की रानात कोंब फुटत नाही. शेवटी लेक परत मिळते, पण तिकडं तिनं डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, आणि पाताळातलं अन्न खाल्लं की कायमची सुटका नाही, म्हणून वर्षातले काही महिने तिला पाताळात जावंच लागतं. अर्धं पुस्तक मी आईच्या बाजूनं, डोळे पुसत वाचलं. सुकलेलं रान आम्हाला काय नवीन? मग एका प्रकरणात लेक स्वतः बोलायला लागली. दाणे मला कुणी फसवून चारले नाहीत, म्हणाली, मी जाणूनबुजून खाल्ले. तिकडं माझं घर होतं. आईनं मला विचारलंच नाही.

पुस्तक मिटलं ते दोन दिवस उघडलं नाही. मी तरी कुठं विचारलं होतं? तिसऱ्या दिवशी लेकीला फोन लावला.

"पुस्तक वाचलंस का?" तिनं उचलताच विचारलं.

"वाचतेय. त्या देवीचं चुकलंच म्हणते मी."

"देवीचं राहू दे. फोन कशाला केलास?"

"तुला तवा सासरी जायचं होतं का गं?"

"व्हय."

"मग नंतर दोन वर्षं आली नाहीस, ते?"

पलीकडं तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सासूबाई तर जा म्हणायच्या. पिशवी भरून द्यायच्या. मीच येत नव्हते, आई. आले की तू सोडणार नाहीस, असं वाटायचं."