चिखलाखालचा आवाज

तापलेल्या इंजिनावर चिखल वाळू लागला की एक करपट, कोमट वास सुटतो. ज्याने भाताच्या बांधीत ट्रॅक्टर घालून चिखलणी केली आहे, त्यालाच तो ओळखता येईल. तो वास आला की मला माझा थोरला भाऊ आठवतो आणि जीव कासावीस होतो. भाऊ आहे, माझ्याच घरात आहे, तरी आठवतो!

रोवणा, म्हणजे भाताची लावणी, संपेपर्यंत ट्रॅक्टर धुवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. धुतला की हंगाम वाहून जातो, असं वडील म्हणत. शेवटची बांधी रोवून झाली की भाऊ खुरप्याने चाकांवरचे थर सोलायचा, रेडिएटरची जाळी हलक्या धारेने मोकळी करायचा, आणि इंजिन निवेपर्यंत त्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. मग इंजिन सुरू करून त्याला स्क्रू पिळायचा लांब पेचकस टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. पट्ट्याची किरकिर, टॅपेटची टकटक, बेअरिंगची घरघर त्याला वेगवेगळी कळे, जशी आईला लेकराच्या रडण्यातली भूक आणि हट्ट कळतो. चार गावचे लोक त्याच्या शब्दावर इंजिन खोलत. केवढं हे वैभव!

यंदा भाताच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या दिवसांत बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान अगदी डोक्यावरून गेलं. भावाने मान वर केली नाही. दुसरं गेलं, तेव्हाही नाही. मला कळायचं ते कळलं आणि मी ते पोटात ठेवलं. ज्याची सगळी ओळखच कानात आहे, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? मानाच्या माणसांना आपण किती हळुवारपणे एकटं पाडतो!

रोवणा संपला, ट्रॅक्टर धुतला गेला. बांधीतल्या खळखळाटात इतके दिवस दबलेला आवाज आता स्वच्छ उघडा पडला: खोल, जड ठोका, दहा पावलांवरूनही मला ऐकू येणारा. भावाने पेचकस टेकवला, डोळे मिटले, थोडा वेळ तसाच थांबला. मग हसला.

"एकदम साफ हाय. घेऊन जाय बिनधास्त."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही ऐकू आलं होतं. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

मी ट्रॅक्टर घेऊन निघालो, आणि नागरा गावाच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. मिस्त्रीने खोललं, तर बेअरिंगचा चुरा तेलात चमकत होता. भावाने तो चिमटीत घेतला, बोटांवर चोळला आणि माझ्याकडे वळला.

"तुले आयकू आला होता ना?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"मंग सांगला काऊन नाही?"

"तुले वाईट वाटंल म्हून," मी म्हणालो, मोठ्याने. जन्मात पहिल्यांदा भावापुढे आवाज चढवला, तोही असल्या वाक्यासाठी.

त्याने हात पुसले. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. असता तर बरं झालं असतं.

"माह्या कानाचा मले मालूम हाय, बाबू," तो म्हणाला. "तू बाजूलेच उभा होता. तू काही बोलला नाही, म्हून मी साफ म्हनलो."