लिकेजवरचा पुदिना

‘लिकेज’ हा शब्द आमच्या मंगरूळपीरच्या गल्लीत कुणी आणला, देव जाणे. आला तो घरचाच झाला. सायकलची ट्यूब लिकेज, गॅसची नळी लिकेज, परीक्षेचा पेपर लिकेज. शेजारच्या चाचांच्या मते तर माझी आईसुद्धा लिकेज, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. आई यावर कधी चिडली नाही. चाचांच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी तिनेच गल्लीभर केली होती.

चाचांचं चपलांचं दुकान आणि घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्या गच्चीवरची टाकी गळायची, पाणी भिंतीवरून आमच्या अंगणात उतरायचं. तिथे आईने पुदिना लावलेला. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले तरी तो हिरवागार. आईचा सगळा जीव त्यात. निम्मा पुदिना चाचीच्या चटणीत जायचा.

परवाच्या मे महिन्यात चाचा भिंतीवरून ओरडले, “वहिनी, माह्यं पाणी तुमच्या अंगणात चाललं!”

“मंग? पुदिना खाता का नाई?”

“खातो. पन टाकी सकाळीच रिकामी होऊन राह्यली!”

मुद्दा खरा होता, म्हणून आई आणखी जोरात भांडली.

चाचांनी नळवाला आणून नवं वॉशर बसवलं. पुदिन्याने माना टाकल्या. आई भाजी धुतलेलं पाणी त्याला घालायची, पण ते कितीसं पुरणार? ती अगदी रडवेली झाली. मला तिचा राग यायचा आणि कीवही.

मग एका सकाळी भिंत पुन्हा ओली. चाचांनी टाकीचा नळ घट्ट केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली.

“तुमीच शिडी लावून चढता!” चाचांनी आळ घेतला.

गुडघेदुखीने ओटा उतरताना ‘आई गं’ म्हणणारी माझी आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “हो, चढली. काय करता?”

मी चाट पडले. त्याच दुपारी, चाचा दुकानात असताना, अंगणात भांडी घासता घासता मी वर पाहिलं. टाकीपाशी चाची, हातात पाना. मला बघून तिने ओठावर बोट ठेवलं.

“तुले माहीत होतं?” मी आईला विचारलं.

“हळू बोल. मले ते भिंतीवरूनच बोलतात. तिले तं घरात ऐका लागलं असतं.”

चाचांनी आमच्या शिडीला साखळी घालून कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. भिंत आजही ओली आहे. आईकडे दुसरी किल्ली आहे, असं चाचा गल्लीत सांगत फिरतात. आई नाही म्हणत नाही.