खबर आधी कोणाला

माझे बाबा आमच्या गावाचे पोलीस पाटील होते. पोलीस पाटील म्हणजे पोलीस स्टेशनचा गावातला कान. गावात काय चाललंय ते त्याने पोलिसांना कळवायचं. भिवंडीजवळ, राहनाळच्या पुढे, भाताची खाचरं बुजवून गोदामं उठली त्या पट्ट्यात आमचं गाव. मानधन चहापाण्यापुरतं. पण होळीचा पहिला नारळ पाटलाच्या हातचा, आणि कुठेही भांडण पेटलं की दोन्ही बाजू आमच्या ओट्यावर. बाबांना त्यापुढे आमदारकीही नको होती.

ती पाटीलकी दोन सरकारी माणसांच्या हेव्यादाव्यात गेली. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

पहिला साध्या शर्टातला. दिल्लीच्या गुप्तचर खात्याचा, भिवंडीत नेमलेला. मोटारसायकलवरून यायचा, ‘काका, काय खबर?’ म्हणत ओट्यावर टेकायचा. आई तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी वाढायची. मेला बोटं चाटून जेवायचा आणि मग स्टेशनच्या नावाने खडे फोडायचा. “तिकडे बोललेलं चहा गार व्हायच्या आत गुन्हेगाराच्या घरी पोचतं, काका.”

दुसरा स्टेशनचा इन्स्पेक्टर. हा गावात पाय ठेवत नसे; बाबांनीच जायचं, बाकड्यावर ताटकळायचं. साध्या शर्टवाल्याचं नाव निघालं की याच्या कपाळाची शीर उडायची. “ते दिल्लीवाले? आमच्या हवालदारांनी उन्हात फिरून आणलेल्या बातम्या उचलतात, आणि वर स्वतःच्या नावाने पाठवतात. आयतोबा साले!”

दोघांचं म्हणणं खरं होतं, हीच तर गंमत.

एका पावसाळ्यानंतर गावाबाहेरच्या गोदामात परकी माणसं राहायला आली. आत निळे ड्रम, आणि वासाने डोळे चुरचुरायचे. बाबांनी बघितलं. त्याच दिवशी साध्या शर्टवाला ओट्यावर होता, त्यालाच सांगून टाकलं. तो खूश. “आता गप्प राहायचं, काका. तिथे कोण येतंय-जातंय ते आम्ही बघतोय. स्टेशनला चकार शब्द नको.”

तो गेल्यावर मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला नेमलंय पोलिसांसाठी. स्टेशनला कळवा.”

“अगो, सरकार एकच हाय ना? याला सांगितलं काय नि त्याला सांगितलं काय!”

एकच हाय म्हणे! आमच्या गावातल्या दोन भावांचं बांधावरून नसेल एवढं वैर त्या दोघांत.

महिनाभरात दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांनी येऊन गोदामावर धाड घातली. ड्रम चोरीच्या केमिकलचे निघाले. आपल्या हद्दीत बाहेरचे येऊन माल पकडून गेले, इन्स्पेक्टरची वरपर्यंत नाचक्की झाली. त्याचा राग त्याने बाबांवर काढला. पाटलाने माहिती दडवली, असा अहवाल गेला आणि प्रांतसाहेबांसमोर सुनावणी लागली.

बाबांनी गप्प राहायचा शब्द दिलेला, म्हणून आधी त्या दिल्लीवाल्याला विचारायला गेलो. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात तो भेटला. बाबा हात जोडून म्हणाले, “साहेब, मी तुमाला खबर दिलती, एवढंच बोला. माझी पाटीलकी राहील.”

त्याने कपावरून नजर उचलली नाही. “मी तुमच्याकडे कधी आलोच नाही, काका. समजतंय ना?”

“आणि भाकऱ्या कोण गिळत होतं, भुतं?” मी ओरडले. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. बाबांनीच मला हात धरून बाहेर आणलं.

सुनावणीत बाबांनी नाव न घेता सांगितलं, की खबर दिली होती, पण सरकारच्याच दुसऱ्या माणसाला. बाहेर जिन्यावर इन्स्पेक्टर आम्हाला गाठून म्हणाला, “पाटील, तो तुमच्या ओट्यावर बसतो हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणूनच तर तुम्हाला घालवतोय.”

आणि घालवलंच. वाटलं होतं, निकालाच्या दिवशी इन्स्पेक्टर तरी हसेल. पण त्याच्या चेहऱ्यावर नुसती खुन्नस होती, आणि तीही आमच्यावरची नाही. आम्ही मधल्यामध्ये भरडलो. त्या होळीला नारळ दुसऱ्याने फोडला. बाबा घराबाहेर पडले नाहीत. ढोल वाजत होता आणि ते मासळीच्या जाळ्याचा तुटलेला फास विणत बसले होते, आधीच विणलेला पुन्हा उसवून.

पावसाच्या तोंडावर मोटारसायकल परत आली. साध्या शर्टवाला! ओट्यावर टेकला आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात म्हणाला, “काका, नव्या गोदामात कोण आलंय? नवा पाटील अगदीच बावळट आहे हो.”

मी झाडू घेऊनच बाहेर आले. बाबांनी हाताने थांबवलं. आईला पाणी आणायला सांगितलं. त्याचं पिऊन होईपर्यंत ते जाळ्यावरच बघत होते.

“मना सगळं ठाव हाय,” ते शांतपणे म्हणाले. “कोण आलंय, काय ठेवलंय, गाडी कंची येते. काल स्टेशनला जाऊन समदं सांगून आलोय. इन्स्पेक्टरसाहेबाला इचारा.”

त्याचा चेहरा पडला. “तिथे मी कसा जाणार, काका?”

“का? सरकार एकच हाय ना?”

तो उठला. गाडी काढून नाक्यापर्यंत गेला. स्टेशनचा रस्ता तिथून डावीकडे. मी ओट्यावरून बघत होते. तो क्षणभर थांबला आणि उजवीकडे वळला.