चिकाचा डबा

"पावणं, हे तुमचं कोण लागत्यात?" फोन मी दिग्याला लावला होता आणि उचलला कुणा परक्यानं. पन्हाळ्याच्या चढावर एक माणूस सायकलवरून उतरला, रस्त्याकडेला बसला, पाणी मागितलं आणि आडवा झाला, असं तो सांगत होता. मी वेड्यासारखा त्यालाच विचारत राहिलो, "पाणी दिलं का त्याला? प्यायला का?" तो म्हणाला, "दिलं की. पण प्यायलं न्हाईत." पुढं मी दवाखान्यात कसा पोचलो ते आठवत नाही. दिग्विजय गेला. काही आठवडे झाले, तरी हे वाक्य कुणा दुसऱ्याबद्दलचं असावं असंच मला वाटत राहतं.

दिग्या आणि मी इंजिनिअरिंगला एका बाकावर, नंतर शाहूपुरीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात एका टेबलावर. फाउंड्रीतल्या, लोखंड वितळवायच्या भट्ट्यांवर जे कंट्रोल पॅनेल असतं, त्यातलं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. दिग्याच्या आईला कुणी विचारलं की काकू सांगायच्या, "भट्टीला ताप आला की ह्या पोरांना कळतंय." ते फारसं चुकीचं नव्हतं. यंत्राच्या पोटात क्षणोक्षणी काय घडलं याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतं, पण ती नुसती आकड्यांत. ते आकडे वाचून दाखवणारी सी भाषेतली तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्रामांचा संच, असते. नेहमीच्या घटना ती आपल्या आपण वाचते. आमच्या भट्टीचं झाकण उघडलं, पंखा दमला, हे तिला कुठून कळावं? मग तिच्याकडे आधी नोंदवून ठेवायचं, की या नावाची घटना आली की माझ्या या फंक्शनला, प्रोग्रामच्या या तुकड्याला बोलव, अर्थ ते सांगेल. याला कॉलबॅक म्हणतात. इतरांच्या स्क्रीनवर आकड्यांचा चिखल असायचा, दिग्याच्या स्क्रीनवर ओळ यायची, 'झाकण उघडं हाय, बघा की'. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तेवढं नीट कर म्हणून मी डोकं फोडून घ्यायचो. तो हसायचा… आणि तसंच पाठवून द्यायचा.

नव्यानं कामाला आलेल्यांना तो कॉलबॅक शिकवायचा चिकावरून. मंगळवार पेठेजवळ दुधाच्या कट्ट्यावर नदीपलीकडून अर्जुनमामा म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतात. त्यांच्याकडे दिग्याचा एक स्टीलचा डबा कायम असायचा, बारशाला आलेला, झाकणावर 'चि. दिग्विजय' कोरलेला. "रोज कट्ट्यावर जाऊन विचारत बसायचं का, मामा, म्हैस व्याली का, चीक हाय का?" तो सांगायचा. "न्हाय. एकदा नाव सांगायचं, नंबर द्यायचा, डबा ठेवायचा आन् आपल्या कामाला लागायचं. म्हैस व्याली की मामा डबा भरत्यात आन् फोन करत्यात. आपलाच डबा आपल्याला परत. झालं." मग आवाज चढवून पुढचं, "आणि गाव सोडून चाललास तर आधी मामास्नी सांगायचं, नाव कमी करा. न्हायतर ते बिचारे चीक काढणार, फोन करणार, आन् इकडं उचलायला कोण न्हाय. तिथंच प्रोग्राम आपटतोय." खरंच तसं होतं. फंक्शन काढून नेलं आणि नोंद तशीच राहिली, तर लायब्ररी इमानानं त्या जुन्या पत्त्यावर जाते आणि सगळंच कोसळतं. म्हणून नोंद केली की लगेच ती काढायची ओळही लिहून टाकायची, असा त्याचा दंडक होता. कुणी चुकलं की शिव्या घालायचा.

आणि हाच माणूस शेवटचं फंक्शन अर्ध्यावर टाकून गेला. भट्टी गार झाल्याची घटना आली की ते छापायचं, 'गार झाली. जावा घरला.' नोंद केलेली होती, काढायची ओळ नव्हती. पन्हाळ्याहून आल्यावर लिहिणार असेल. त्याच्या माघारी प्रोग्राम बंद करताना फंक्शन आधी निघून जायचं, नोंद मागं राहायची आणि प्रोग्राम दर वेळी कोसळायला लागला. शोधत शोधत त्या जागी पोचलो तेव्हा मी ऑफिसात मोठ्यानं ओरडलो, "अरे दिग्या, एवढी एक ओळ!" शेजारचे दुकानदार डोकावून गेले. उपाय मला माहीत होता, आणि मी तो करत नव्हतो. गिऱ्हाइकाला आज देतो, उद्या देतो म्हणून टोलवत होतो. ती ओळ लिहिणं म्हणजे दिग्या इथं नाही हे माझ्या हातानं लिहून देणं. तुम्हाला हा येडेपणा वाटेल. मलाही वाटतो. पण त्याची फाईल उघडायचो आणि तशीच बंद करायचो.

गेल्या आठवड्यात सकाळी अर्जुनमामांचा फोन आला. "दिग्विजयचा फोन लागंना ओ. माझा लागला न्हाय तर ह्याला करा म्हणून त्यानंच तुमचा नंबर देऊन ठेवलाय. चीक काढलाय, डबा भरलाय. लवकर या, ऊन चढतंय." मामांपर्यंत बातमी गेलीच नव्हती. माझ्या तोंडून "येतो" एवढंच निघालं. कट्ट्यावर त्यांनी डबा पुढं केला, अजून कोमट होता. "कुठं गेलंय बेणं? परदेशात?" मी सांगितलं. मामांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. दुधाला आलेली माणसं खोळंबली, त्यांच्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग हळूच म्हणाले, "मग… नाव कमी करू?" मी डबा घेतला आणि काकूंच्या घरी निघालो.

काकूंनी दारातच झाकणावरचं नाव बघितलं. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी गूळ काढला, वेलदोडे कुटले, खरवस लावला. पहिली वाटी फोटोपुढं ठेवली आणि मग माझ्या अंगावर ओरडल्या, "आणलास कशाला? आता कोण खाणार हाय हे? सांग की, कोण खाणार हाय?" मी खाल्ला. त्यांच्यासमोर बसून सगळी वाटी खाल्ली. त्यांनी डबा घासला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "मामास्नी नेऊन दे. नाव कमी करा म्हणावं. परत असा भरून आणलास तर मला सोसायचं न्हाय रे." मी हो म्हणालो.

तिथून तसाच ऑफिसात आलो आणि ती ओळ लिहिली. प्रोग्राम चालवला, बंद केला. बंद होताना उरलेल्या घटना वाचल्या गेल्या, त्यात भट्टी गार झाल्याचीही होती. तिच्यासाठी आता कुणी नव्हतं, म्हणून लायब्ररीनं नुसते आकडे छापले. काही कोसळलं नाही. सगळं बरोबर चाललं होतं आणि मी टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडत होतो.

डबा अजून त्याच टेबलावर आहे, दिग्याच्या बाजूला. रोज निघताना उचलतो, झाकणावरचं नाव बघतो आणि परत ठेवतो. काकूंना हो म्हणून आलोय, त्यांचा विश्वास आहे की मी नाव कमी केलं. नाव कमी करायचं मी मामांना अजून सांगितलेलं नाही. त्यांची दुसरी म्हैस व्यायला झाली आहे.