पाणबुडीची ट्रॉली मागं घेताना

पाणबुडी ह्यांनी बनवली, हे आता सगळ्या इंदापूर-बारामतीला ठाऊक आहे. माणसं येतात, चहा पितात, ह्यांच्यासोबत फोटो काढतात. ती पाण्यात घातली कुणी आणि बाहेर काढली कुणी, हे मात्र एकजण विचारेल तर शपथ! आपलं कौतुक आपण करू नये म्हणतात. पण दुसरं कुणी करेना तर माणसानं काय करायचं? म्हणून लिहायला बसले.

भवानीनगरजवळ आमचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या बनवतो. गाळपाचा हंगाम संपला की काम थंडावतं आणि माझ्या नवऱ्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. तीन उन्हाळे खपून ह्यांनी जाड पत्र्याचं लांबट पिंप वळवलं, दोन्ही तोंडं बंद केली. वर एक माणूस उतरेल एवढं झाकण, पुढं जाड काच, पोटाखाली दोन टाक्या. टाक्यांत पाणी घेतलं की बुडायचं, हवा सोडून ते पाणी बाहेर ढकललं की वर यायचं. गावानं हसायचं काही बाकी ठेवलं नाही. "एवढ्या पत्र्यात चार ट्रॉल्या झाल्या असत्या," असं आमचे सासरे, आबा, रोज जेवताना म्हणायचे. मीही भांडायचे, पण ते घरात. बाहेर कुणी हसलं की त्याच्यावर मीच धावून जायचे.

पिंपळीतल्या पाहुण्यांच्या शेततळ्यात क्रेननं सोडून दोनदा बघितली. बुडाली, वर आली, आत थेंब शिरला नाही. पण ह्यांना उजनीच्या पाण्यात जायचं होतं. तिथं इंदापूरच्या बाजूला धरणात गेलेला एक जुना डांबरी रस्ता आहे, उतरत उतरत थेट पाण्यात शिरतो. क्रेन उभी करायला जागा नाही. मग एकच वाट उरली. पाणबुडी ट्रॉलीवर ठेवायची, ट्रॅक्टरनं ट्रॉली उलटी पाण्यात ढकलायची, पाणबुडी तरंगली की ट्रॉली काढून घ्यायची. परत आणताना पुन्हा ट्रॉली पाण्यात घालून तिला वर बसवायची आणि ओढायची.

आता गंमत ऐका. जन्मभर ट्रॉल्या बनवणाऱ्या ह्या माणसाला ट्रॉली मागं घेता येत नाही! दोन चाकांच्या ट्रॉलीचं सगळं उलटं असतं. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की ती उजवीकडं जाते, आणि जरा जास्त झालं की कात्रीसारखी मिटते. मी कऱ्हाटीची. माहेरी भाजीपाला, आणि भाऊ नव्हता. कोबीनं भरलेली ट्रॉली अरुंद वाटेनं मागं घ्यायला वडिलांनी मला लग्नाआधीच शिकवलं होतं. त्यामुळं ठरलं, पाण्यात हे आणि ट्रॅक्टरवर मी.

त्या सकाळी काठावर निम्मा तालुका जमला होता. नारळ फोडला. ह्यांनी मला खूण सांगितली, "आतनं पाना एकदा ठोकला की थांब, दोनदा ठोकला की पुढं घे." हे आत उतरले, झाकण लागलं. मी मान मागं वळवून रस्त्याच्या मधोमध ट्रॉली पाण्यात उतरवली. पाणबुडी हलली, तरंगली. मदतीला घेतलेल्या होडीवाल्यानं तिला ट्रॉलीशी बांधलेला दोर सोडला आणि मी ट्रॉली बाहेर काढली. मग पाणबुडी हळूहळू दिसेनाशी झाली. अर्धा तास पाण्याकडं बघत बसले. आणि ती वर आली! चार ट्रॉल्यांचं दुःख करणारे आबा शेजारच्याला सांगत होते, "आमच्या पोराची हाय बरं का!"

मी ट्रॉली पुन्हा पाण्यात घातली. होडीवाल्यानं पाणबुडी ओढून तिच्यावर आणली, दोर बांधला. मी वर ओढायला लागले, तोच ट्रॉलीचं डावं चाक डांबराच्या कडेवरनं चिखलात घसरलं. ट्रॉली कलली, तिच्यावर पाणबुडीही कलली. झाकणाला पाणी लागायला चार बोटं राहिली. आणखी कलली असती तर झाकण पाण्याखाली गेलं असतं, ट्रॉलीला बांधलेली म्हणून तिला वर येता आलं नसतं आणि आतल्या माणसाला ते उघडता आलं नसतं. आतला माणूस माझा नवरा होता.

काठावर सगळे ऊसवाले. त्यांना एकच इलाज ठाऊक. चाक फसलं की दुसरा ट्रॅक्टर जुंपा आणि ओढा. "ओढा! साखळी आना!" एकानं ट्रॅक्टर चालूही केला. आबासुद्धा ओरडले, "सूनबाई, पुढं घे!" उसाची ट्रॉली असती तर मीही तेच केलं असतं. पण ऊस काही पाण्यात हलका होत नाही, ही होते. ओढलं तर सगळा भार खाली गेलेल्या चाकावर येणार आणि ती आडवी होणार. मागं घेतलं तर पाणी तिला उचलणार.

"साखळी लावंल त्याला चाकाखाली घीन! दोर सोडा!" मी केकाटले. होडीवाल्यानं दोर सोडला आणि सगळे पुढं म्हणत असताना मी ट्रॉली मागं घेतली. ट्रॅक्टरची मोठी चाकं निम्म्याच्या वर बुडाली. आतून पाना वाजेना. चक्कर-बिक्कर आली का ह्यांना? देवा, एवढ्या खेपेला सांभाळ. आणखी हातभर मागं घेतलं, आणि पाणबुडी सरळ होऊन ट्रॉलीवरनं उठली. मोकळी ट्रॉली पुढं घेतली तशी डावं चाक चिखलातनं सुटून डांबरावर चढलं. पुन्हा मागं घेतली. ह्या वेळी पाणबुडी तिच्यावर नेमकी मधोमध बसली. दोर बांधला, आतून पाना दोनदा वाजला, आणि मी नवऱ्याला पाण्याबाहेर आणलं.

लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. मी तशीच ट्रॅक्टरवर बसून होते, ऊर भरून आला होता. नवऱ्याचा अभिमान वाटत होताच, पण खरं सांगते, माझा मला जास्त वाटत होता.

घरी आल्यावर विचारलं, "ट्रॉली कलली तवा पाना का न्हाय ठोकला तुमी?"

"कशाला ठोकू? स्टिअरिंगवर तू हुतीस. मी निवांत बसलो हुतो."

मला भरून आलं. पण मी अशी सोडणार होय? म्हटलं, "मग पुढच्या खेपंला मी आत बसणार."

"आन् ट्रॉली मागं कोण घेणार?"

"तुमी! शिका की."

तेव्हापासून रोज सकाळी वर्कशॉपच्या आवारात ह्यांची शाळा भरते. फाटकाचा खांब वाकला, माझा मेथीचा वाफा चाकाखाली गेला. ट्रॉली दुमडली की आबा ओट्यावरनं हसतात. मी मात्र हसत नाही, ओरडते. गेल्या रविवारी ह्यांनी पहिल्यांदा ट्रॉली भिंतीपर्यंत नाकासमोर सरळ नेली.

"जमलं की! चला मग उजनीला," मी म्हटलं.

ह्यांनी इंजिन बंद केलं. "रिकामी हाय म्हणून जमलं गं. तू आत हायस म्हटल्यावर माझे हात कापतील."

"मग त्या दिवशी माझे कापले न्हाईत व्हय?"

तीन उन्हाळे ज्यानं पाणबुडीतल्या थेंबाथेंबाचा विचार केला, त्या माणसाच्या डोक्यात ही गोष्ट आलीच नव्हती. स्टिअरिंग धरून माझ्या हातांकडं बघत राहिले. मग किल्ली फिरवली.

"सरक बाजूला," म्हणाले, "आनखी एकदा घेतो."